पॉलिश तेवढं राहिलंय

"झोपाळा तयार आहे, पॉलिश तेवढं राहिलंय," वर्कशॉपवाली म्हणाली.

नातवासाठी स्टीलचा झोपाळा करायला टाकणारे आजोबा भडकलेच. "अजून राहिलंय? आणि वेल्डिंग म्हणे तुम्हीच करता! सांधा निखळला तर? माझ्या नातवाच्या जिवाशी खेळ नको. आधी एखाद्या पुरुषमाणसाकडून तपासून घ्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातमोजे टेबलावर आपटावेत असं फार वाटलं, पण तिने ते अलगद ठेवले. "हळू बोला."

"का? शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलं तर गिऱ्हाईक तुटेल?" आजोबांनी आवाज आणखी चढवला.

तिने मागच्या खोलीचं दार ढकललं. झोपाळा उभा होता. सांध्यांवर वेल्डिंगची निळसर झाक अजून तशीच होती. वरच्या आडव्या पाइपाला चादरीची झोळी बांधलेली होती आणि झोळीतून एक इवलंसं पाऊल बाहेर आलं होतं.

"तपासणी चालू आहे," ती कुजबुजली. "माझी लेक उठली, की पॉलिशचं मशीन लावते. तेही तुमच्यासारखंच ओरडतं."