दों रुयचे हातमोजे

न्यायाधीशाने हातमोजे ब्रितेशच्या मांडीवर टाकले आणि दुपारपर्यंत मऊ करून दे म्हणून सांगितलं. येताना ओढ्यात खोगिराची थैली भिजली होती. हरणाचं नाजूक कातडं वाळून पापडासारखं कडक झालं होतं.

"ओळखतेस?" त्याने विचारलं.

"मीच शिवलेत. दों रुयसाठी."

ब्रितेश पन्नाशीची विधवा. उमेदीची सगळी वर्षं तिने लिस्बनच्या राजवाड्यात हातमोजे शिवण्यात घालवली होती. मग तरुण राजा सैन्य घेऊन आफ्रिकेत लढायला गेला तो परत आलाच नाही. त्याचा चुलतभाऊ दों रुय त्याच्याबरोबर होता, त्याचाही पत्ता लागला नाही. गादीवर एक म्हातारा धर्मगुरू, कार्डिनल, बसला, तोही दोन वर्षांत गेला. राजाचं अवीश घराणं असं संपलं आणि स्पेनच्या राजाने अख्खा पोर्तुगाल आयता खिशात घातला. राजवाडा परक्यांनी भरला तेव्हा ब्रितेश आपल्या समुद्रकाठच्या गावी परतली.

गावाला हे काही पटलेलं नव्हतं. अवीशांपैकी कोणीतरी धुक्यातून परत येणार, असं जो तो सांगायचा. सकाळी धुकं पडलं की हातातली जाळी तशीच टाकून सगळे कड्यावर जाऊन उभे राहायचे. अशाच एका सकाळी कड्यावरच्या ओसाड प्रार्थनाघरात एक बैरागी दिसला. दाढी छातीपर्यंत, बोलणं जवळजवळ नाहीच. कोणी भाकरी दिली तर डाव्या हाताने घ्यायचा, उजवा कायम बाहीत. मी अमुक आहे असं तो कधी म्हणाला नव्हता. धुक्यात आला एवढ्यावरच लोकांनी त्याला दों रुय करून टाकलं.

बातमी लिस्बनला पोचली आणि न्यायाधीश शिपाई घेऊन आला. चौकात त्याने गोड आवाजात जाहीर केलं, की हातमोजे बसले तर बैराग्याला मानाने राजधानीत नेऊ. बायका आनंदाने रडल्या. ब्रितेशच्या घरात मात्र तो शिपायांच्या नायकाशी वेगळंच बोलला. हातमोजे शिवणाऱ्या बाईसमोर आवाज कशाला खाली करायचा, असा त्याचा हिशेब असावा.

"बसले तर लिस्बन वगैरे काही नाही. वाटेत गावंच्या गावं त्याच्यापुढे गुडघे टेकतील. पहिल्या वळणावर दोर तयार ठेव."

"आणि नाही बसले तर?"

"मग वेडाच आहे. फटके मारून हाकलून द्यायचा."

दोघं बाहेर पडले. मासे विकणारी शेजारीण ग्रासिया डोकावली तेव्हा ब्रितेशने तिला कुजबुजत सगळं सांगितलं. लोकांना आवर, तो कोणी राजपुत्र नाही, एक गरीब जीव फुकट मरेल, म्हणाली.

ग्रासियाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "स्पेनवाल्यांचं मीठ गोड लागलं वाटतं तुला," ती म्हणाली आणि निघून गेली.

दारात एक शिपाई पहाऱ्याला बसवला होता. ब्रितेशने अंड्याचा बलक आणि बदामाचं तेल घोटलं आणि कातड्याला चोळायला घेतलं. मग सुई काढली. शिपायाने मान वळवली तेव्हा ती म्हणाली, की पाण्याने शिवण कुजलीय, चार टाके घालायला हवेत. तिचीच भाकरी खात तो म्हणाला, घाल की. सुई दोनदा बोटात गेली.

दुपारी सगळं गाव चौकात लोटलं. बैराग्याला आणलं. न्यायाधीशाने ब्रितेशच्या हातात क्रूस दिला आणि शपथेवर सांगायला लावलं.

"दों रुयच्या हातमोज्यांची ही जोडी. यातला टाका न् टाका माझ्या हातचा आहे," ती म्हणाली.

डावा हातमोजा बैराग्याच्या हातात अलगद सरकला. लोक धडाधड गुडघ्यांवर आले. कोणीतरी अवीशांचा जयजयकार सुरू केला. नायकाने घोड्याचा लगाम हातात घेतला.

मग उजवा. तो बोटांच्या पेरांवर अडकला. नायकाने जोर लावला, पिळून पाहिलं. हातमोजा पुढे जाईना.

न्यायाधीशाने बैराग्याचा उजवा पंजा उलटसुलट करून पाहिला आणि मोठ्याने हसला. "हा दगडफोड्याचा हात आहे. आणि डावा म्हणाल तर माझ्या शिपायालाही बसेल." त्याने खरंच शिपायाला घालायला लावला. बसला. जयजयकार जागच्या जागी विरला.

बैराग्याला चौकातच फटके मारले आणि सोडून दिलं. लोकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जाता जाता ग्रासिया ब्रितेशच्या पायापाशी थुंकली. ब्रितेशने डोळे पुसले. तो जिवंत होता, तिला तेवढंच हवं होतं.

शिपायांचे घोडे टेकडीआड गेल्यावर बैरागी लंगडत तिच्या दारावरून निघाला. ब्रितेशने भाकरी पुढे केली. त्याने नेहमीसारखा डावा हात पुढे केला, पण भाकरी न घेता तो तिच्याकडे पाहत राहिला.

"माझा उजवा पंजा जन्मापासून मोठा," तो हळूच म्हणाला. "हे फक्त तुलाच ठाऊक होतं, ब्रितेश. विसरलीस?"

"नाही, युवराज. म्हणून तर उजवा हातमोजा उसवून आत घेतला," ती म्हणाली. "आता निघा."