एकही दगावलं नाही

गाडीच्या काचेवर गोठलेलं दव खरवडावं लागलं, तेव्हाच बाईंना कळलं, आली एकदाची. तीन हिवाळे हुलकावणी देणारी कडाक्याची थंडी नेमकी त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या हंगामात आली होती. गुडघे कुरकुरत होते, तरी संशोधन केंद्राच्या फाटकापासून वाफ्यांपर्यंत त्या जवळजवळ धावतच गेल्या.

वाफे दिसतच नव्हते. चारशे बारा रोपांवर पोती, जुन्या चादरी, फाटकी ताडपत्री. कोपऱ्यात तर चक्क कुणाचा तरी स्वेटर.

"एकही दगावू दिलं नाही, बाई!" राखणदार मामा हात चोळत पुढे आले. दोनच महिन्यांपूर्वी कामावर लागलेले. नाक लाल, डोळे तारवटलेले, चेहरा मात्र शाबासकीची वाट बघणारा. "अंधार पडल्यापासून झाकत होतो. स्वेटर माझाच आहे."

बाई वाफ्याच्या कडेला बसल्या. ओरडायचं म्हटलं तरी अंगात ताकद हवी. त्यांनी एक पोतं उचललं. खाली राजगिऱ्याच्या जातकुळीतला क्विनोआ ऐन फुलोऱ्यात, टवटवीत उभा होता.

"मामा, यातली बरीचशी मरायला हवी होती."

"काय?"

"उघड्यावर गारठ्यात जी तगतील, त्यांचंच बियाणं धरायचं होतं. थंडी सोसणारा वाण तसाच निघतो. दहा वर्षं त्यासाठीच घालवली. आता कणखर कोण नि लेचंपेचं कोण, कसं ओळखू? अशी रात्र आलीच तर हंगामात एखादी."

मामांचा चेहरा उतरला. "पण तुम्हीच म्हणाला होता ना, पोटच्या पोरांसारखं जपा म्हणून."

म्हणाल्या होत्या. दर नव्या राखणदाराला म्हणायच्या. उंदरांचं सांगायच्या, पाखरांचं सांगायच्या. थंडीचं सांगायचं राहून गेलं, कारण थंडी येतच नव्हती. बाईंना स्वतःचा राग यायला हवा होता. आला नुसता थकवा.

ऊन वर आलं होतं. मामा घाईघाईने पोती ओढून काढू लागले, जणू उरलासुरला गारठा अजून कामी येईल.

"राहू द्या, मामा."

मामा हातातलं पोतं तसंच धरून उभे राहिले. "चुकलंच माझं. पुढच्या थंडीत यांना हातसुद्धा लावणार नाही. तुम्ही बघाच, बाई."

"बघते," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.