निवळलेला नाला

तपासणीचे साहेब यायचे, त्या दिवशी गावात दिवाळीसारखी धांदल असे. कोळशाच्या खाणीतून उपसलेलं काळं पाणी वर्षभर नाल्यात येई. फक्त त्या दिवशी खाणवाले पंप बंद ठेवत आणि नाला निवळे. मग घरोघरच्या गोधड्या बाहेर निघत.

पार्बताबाई गुडघाभर पाण्यात गोधडी आपटत होती, तेव्हा काठावरून साहेबांनी विचारलं, "या पाण्याची तक्रार कोणी केली?"

"म्याच केली."

"आणि तुम्हीच इथे धुणं धुता?"

"आज तुमी येनार म्हनून पंप बंद हाये, साहेब. उद्या या. म्हैसबी तोंड लावत नाही."

खाणीचे मॅनेजर हसले. "आजी फार विनोदी आहेत."

साहेबांनी लिहिलं, 'तक्रारदार स्वतः या पाण्यात गोधड्या धुताना आढळली. पाणी उत्तम.'

लहानपणी पार्बताबाई याच नाल्याच्या वाळूत झिरा खणून ओंजळीने पाणी प्यायली होती. ती हटली नाही. पुन्हा अर्जावर अंगठा उठवला आणि गावाला बजावलं, "येत्या तपासनीले कोनी नाल्यात पाय ठेवला, तर माह्याशी गाठ हाये."

पुढच्या वर्षी साहेब आले. नाला काचेसारखा नितळ होता आणि काठावर चिटपाखरू नव्हतं. गोधड्या घराघरांत कुबट वास मारत पडल्या होत्या. एकटी पार्बताबाई साहेबांच्या पेनाकडे टक लावून उभी होती.

"काय लिवलं, साहेब?"

साहेबांनी वाचून दाखवलं, "ग्रामस्थ या नाल्याचं पाणी वापरतच नाहीत. सबब, तक्रार निकाली."