भेटायची वेळ

सोनम कोल्हापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. लहान मुलांच्या वॉर्डात तिची ड्युटी असताना कागलच्या संयोगिताचा मुलगा, राजवर्धन, न्यूमोनियानं गेला. अशा वेळी आईशी कसं बोलायचं, हे सोनम वर्गात शिकली होती, परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं. पण त्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. संयोगिता तशीच निघून गेली.

पुढच्या आठवड्यात भेटायच्या वेळेला संयोगिता पुन्हा वॉर्डाच्या दारात उभी दिसली. सोनमला वाटलं, आता ही जाब विचारणार, आणि आपण काय सांगणार? तरी ती पुढं झाली.

"ताई, राजवर्धनसाठी आम्ही..." सोनमनं सुरुवात केली.

"तुमास्नी कोण काय म्हणतंय, सिस्टर?" संयोगितानं पिशवीतनं डबा काढला. तो पुढं करत ती म्हणाली,


"त्याच्या शेजारच्या खाटंवरच्या बिनआईच्या पोरीला माझ्या हातनंच खायची सवय लागलीया. मी गेल्यापासनं जेवली का वो ती?"