पाचवं गाणं

दारं-खिडक्या लावून, भिंतींना रजया टांगून तिने मागच्या खोलीत एकटीने नऊ गाणी रेकॉर्ड केली. सगळी वडिलांवर. लेकीचं गाणं ज्यांनी जन्मात कधी कान देऊन ऐकलं नाही, त्या माणसावर. अल्बम आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. "आमचेही बाबा अगदी असेच," म्हणत अनोळखी माणसं तिला मेसेज पाठवू लागली. पाचवं गाणं तर जो तो एकमेकांना ऐकवत होता.

घरात मात्र तिने अवाक्षर काढलं नव्हतं. वडील कुठले असलं काही ऐकायला बसतायत.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तर वडील चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल कानाला लावून बसले होते. आत तिचाच आवाज चालू होता. तिला तोंड कुठे लपवावं कळेना.

"सगळी ऐकली," ते खाली बघत म्हणाले. "एकच चुकलं माझं."

त्यांनी गाणं थांबवलं.


"पाचव्या गाण्यात माझा खोकला आलाय गं. दाराबाहेर स्टूल टाकून रोज ऐकत बसायचो ना, बाकी आठ गाण्यांना दाबून धरला होता. तेवढा एक निसटला."