सरळ भांग

"आज?" चष्मेवाल्याने मान खाली घालून विचारलं.

बायकोने दुकानातलं जाड भिंग त्याच्या टाळूवर धरलं. खिडकीतलं दुपारचं ऊन भिंगात गोळा झालं आणि टकलावर एक पिवळा ठिपका थरथरत उभा राहिला.

"चटका बसतोय. आहेत तेवढे तरी जाळू नकोस."

"हल मग थोडा." तिने भिंग सावलीत घेतलं, सावकाश सगळीकडे फिरवलं. "काही नाही."

"लवसुद्धा नाही? काल कानाच्या वर हाताला काहीतरी लागल्यासारखं वाटलं."

"वाटलं ते सोड. दिसेल तेच सांगायचं, अंदाजाने अक्षर ओळखायचं नाही. तुझाच नियम."

नियम त्याचाच होता. खाली दुकानात अक्षरांच्या तक्त्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक शेवटच्या ओळीशी अडखळलं की तो हेच सांगायचा. अंदाजाने बरोबर सांगणाऱ्याला चुकीचा चष्मा मिळतो, हे त्याने जन्मभर पाहिलं होतं. आणि आता तोच माणूस एका बिननावाच्या बाटलीवर डोळे मिटून विश्वास ठेवायला निघाला होता. इस्पितळात केसांच्या नव्या औषधाचा प्रयोग चालू होता. काही बाटल्यांत औषध, काहींत नुसतं पाणी, आणि कुणाच्या वाट्याला काय आलं ते देणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. "तुला पाणीच मिळालं असणार," बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती. म्हणत होती, आणि रोज दुपारी न चुकता थेंबही तीच सोडत होती.

थेंब गार होते. एकेक टपकन पडे आणि डोक्यावरून वाट शोधत निघे. घर पेंगुळलं होतं. पडदा फुगत होता, बसत होता. अशा वेळी त्याला सगळंच शक्य वाटायचं.

"संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस," बायको बाटलीचं झाकण लावत म्हणाली. "पुसलंस तर आजचं फुकट."

पलीकडच्या खोलीतून हाक आली, "अहो."

घरात त्याला अहो म्हणणारी एकच बाई होती, आणि ती त्याची आई होती.

आई विसरायला लागली तेव्हा तिने अलीकडचं सगळं आधी सोडलं. त्यात मुलाचं टक्कलही गेलं. तिच्या लेखी टकला माणूस एकच, तिचा नवरा. मुलगा म्हणजे दाट केसांचा, डोक्यावर दोन भोवरे असलेला आणि भोवऱ्यासारखाच एका जागी न टिकणारा. त्याला ती भोवऱ्या म्हणायची. चष्मेवाल्याला केस कशासाठी हवे होते, हे त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. बायकोला ते सांगावं लागलं नव्हतं.

तो आत गेला. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती.

"अहो, भोवऱ्या कुठे दिसत नाही," ती म्हणाली.

"येईल इतक्यात." हे उत्तर तो रोज द्यायचा.

"ऊन किती आहे बाहेर. तुम्ही बघून तरी या."

"बघतो. आधी चष्मा दे, काचा किती मळल्यात."

तो तिच्या पायांपाशी खाली बसला. तिच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढून सदऱ्याच्या टोकाने काचा पुसू लागला. मान खाली होती. एक थेंब कपाळावरून ओघळला आणि आईच्या हातावर पडला.

तिने हाताकडे पाहिलं. मग तो हात अंदाजाने पुढे आला आणि त्याच्या डोक्यावर टेकला.

"ओलं डोकं घेऊन कुठे हिंडतोस रे?"

चष्मेवाल्याचे हात थांबले.

"किती वेळा सांगायचं? सर्दी झाली की मग माझ्याच गळ्यात पडतोस." खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल तिने ओढला आणि त्याचं डोकं खसाखसा पुसायला घेतलं.

"आई, पुसू नका, ते औषध…" बायको दारातून म्हणाली. तिच्या हातात अजून भिंग होतं. चष्मेवाल्याने मान न वळवता एक हात वर केला. ती दारातच थांबली.

टॉवेल कानांमागून फिरला, मानेवरून फिरला. थेंब न् थेंब टिपला गेला. मग आईचं बोट टाळूवर आलं आणि गुळगुळीत कातडीवर एका ठिकाणी गोल फिरलं. जरा बाजूला सरकून पुन्हा गोल फिरलं.

"हा एक. हा दुसरा," ती स्वतःशीच म्हणाली. "कुठे होतास इतका वेळ?"

"इथेच होतो," तो म्हणाला.

तिने खिडकीतली फणी चाचपून घेतली. एका हाताने त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने कपाळापासून मागे फणी ओढली. दात टकलाला गुदगुल्या करत गेले. त्याचे खांदे हलले.

"हलू नकोस रे भोवऱ्या, भांग वाकडा होतोय."

तो हलला नाही. पुसलेला चष्मा मुठीत धरून, श्वास रोखून बसून राहिला. फणी पुन्हा एकदा फिरली, हलक्या हाताने, केसांची बट मोडू नये अशी.

"ए पोरी, बघ गं जरा," आई दाराकडे तोंड करून म्हणाली. "सरळ पडलाय का? मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

बायको जवळ आली. हातातलं भिंग तिने खिडकीत ठेवलं, वाकली आणि बराच वेळ नीट पाहिलं.

"सरळ आहे, आई," ती म्हणाली. "अगदी सरळ."