मंगळवारची सही

"चिप ठेवायची, की महिन्याच्या इंजेक्शनवर जायचं? पसंती तुमची, वृषालीताई," डॉक्टर केळुसकर म्हणाले.

"इंजेक्शन," वृषाली लगेच म्हणाली.

अर्धशिशी उठायच्या दिवशी कानामागची चिप तिला आतल्या आत झोपवायची. शरीर मात्र उठून डबे भरायचं, ऑफिसलाही जाऊन यायचं. सहा महिने तिला दुखणं कळलंच नव्हतं. पण परवा लेकीने विचारलं, "आई, ती दुसरी आई कधी येणार गं? ती फोडणी देताना गाणं म्हणते." फोडणीच्या वासानेच वृषालीचं डोकं उठायचं.

डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "अहो, पण मंगळवारी तुम्हीच फॉर्म भरून गेलात की! चिप रोज चालू हवी म्हणून."

खाली सही तिचीच होती.

वृषाली ताडकन उठली. "मंगळवारी मी नव्हते, डॉक्टर. ती होती. रद्द करा ते, आत्ताच्या आत्ता!"

डॉक्टरांनी घाईने माऊस धरला. तेवढ्यात तिच्या कानामागे चिप गरम झाली. आज तर डोकं जराही दुखत नव्हतं.

"राहू द्या, डॉक्टर," वृषाली हसून म्हणाली आणि पर्स उचलून गाणं गुणगुणत बाहेर पडली.